हौस कुणाची, गरज कुणाची? : माझ्या पहिल्या रोड बाइकची गोष्ट

(वार्षिक मेळाव्यातील ‘स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळपासून आपण एकमेकींचं ऐकतो आहोत. कुणी पहिल्या पगारातून घेतलेल्या चष्म्याबद्दल सांगितलं, कुणी स्वतःच्या नावावर घेतलेल्या शिलाई मशीनबद्दल. एकीने घेतलेलं कुलूप तर माझ्या मनातून जाणार नाही. मी सांगणार आहे ती वस्तू मात्र जरा चैनीची वाटेल. ती सायकल आहे, आणि तीही साधी नाही. वाकडं हँडल, बारीक टायर, गिअर असलेली. आपल्या लहानपणी तिला ‘रेसर’ म्हणायचे, आता रोड बाइक म्हणतात. मी ती दोन वर्षांपूर्वी, पस्तिसाव्या वर्षी, जुनी घेतली.

पण त्या सायकलची गोष्ट एका वहीपासून सुरू होते, आणि त्या वहीत माझंच अक्षर आहे. म्हणून आधी ते सांगते.

चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका वस्तीत मी बचतगटाच्या बैठका घेत होते. चार घरची पोळीभाजी करणाऱ्या एक बाई गटात होत्या. त्यांना मी मावशी म्हणते. एका बैठकीत त्यांनी सायकल घ्यायला ६,००० रुपये कर्ज मागितलं. बायका हसल्या. “मावशी, या वयात? पडलात तर पोळ्या कोण लाटणार?” मीही हसले. मग गंभीर होऊन मी प्रशिक्षणात शिकलेला प्रश्न विचारला, “मावशी, ही तुमची गरज आहे की हौस?” मावशी म्हणाल्या, “राहू द्या ताई.” मी वहीत लिहिलं, ‘मागणी मागे घेतली.’ त्याच पानावर खालच्या ओळीत दुसरं कर्ज मंजूर झालेलं आहे : एका सभासद बाईच्या मुलाच्या मोटारसायकलच्या डाऊन पेमेंटसाठी १५,००० रुपये. त्या मुलाची गरज की हौस, हे मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

मी समाजकार्यात एम. ए. केलेलं आहे. घरातल्या निर्णयप्रक्रियेत स्त्रियांचं स्थान, यावर मी पेपर लिहिलेला आहे. आणि तरीही हे पान माझ्या हातचं आहे. त्या वेळी मला त्यात काही खटकलंसुद्धा नाही. ते खटकायला मला स्वतःला सायकल घ्यावीशी वाटावी लागली.

सायकल मला येत होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी तासाच्या भाड्याने सायकली मिळायच्या. पुरुषी सायकलच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत मी शिकले. गुडघे फुटले, पण महिनाभरात मी भावापेक्षा जोरात चालवू लागले. नववीत गेल्यावर आई म्हणाली, “आता मोठी झालीस, बरं दिसत नाही.” भावाला दहावीत नवी सायकल मिळाली. मी भांडले नाही. आपल्यापैकी किती जणींची सायकल अशी ‘बरं दिसत नाही’ या तीन शब्दांवर थांबलेली आहे, हे आज हात वर करून विचारलं तर कळेल.

पुढे नोकरी लागली, पुण्यात भाड्याची खोली घेतली. घर ते कार्यालय ११ किलोमीटर, दोन बस, मधे थांबणं, एकूण सव्वा तास. एका रविवारी एका सहकारी मैत्रिणीबरोबर खडकवासल्याला गेले. तिची रोड बाइक होती. परतताना तिने ती मला चालवायला दिली. एक पायडल मारलं आणि सायकल इतकी पुढे गेली की मी घाबरून ब्रेक दाबले. मग पुन्हा मारलं. खरं सांगते, मला त्या दिवशी बसचे पैसे वाचतील, व्यायाम होईल, प्रदूषण कमी होईल, असलं काहीही सुचलं नाही. मला ती सायकल हवी होती, एवढंच. ही कारणं मी नंतर जमवली, घरी सांगायला.

माझ्या पगारातून खोलीचं भाडं जातं, आईच्या औषधांना पैसे जातात, उरतं त्यातून महिन्याला हजार रुपये आवर्ती ठेवीत. पंधरा महिन्यांची ठेव पूर्ण झाली होती. म्हणजे माझी मर्यादा होती १५,००० रुपये. त्यावर एक पैसा नाही.

पहिल्यांदा नव्या सायकलच्या दुकानात गेले. बरोबर कार्यालयातला एक सहकारी होता. त्याला सायकलमधलं काही कळत नाही, तो फक्त गाडीवरून सोडायला आला होता. दुकानदार सगळा वेळ त्याच्याशी बोलत होता. “मॅडमसाठी ना? ही बघा, पुढे बास्केट आहे, रंग पण छान आहे.” मी म्हटलं, मला रोड बाइक बघायची आहे. तेव्हा त्याने सहकाऱ्याकडे बघून विचारलं, “त्यांना जमेल?” गिअरची बऱ्यापैकी रोड बाइक नवी घ्यायची तर किंमत वीस-पंचवीस हजारांच्या पुढेच होती. परवडण्यातली एक होती, पण मी तिच्यावर उभी राहिले तर नळी अंगाला टेकत होती. दुकानदार म्हणाला, “काही नाही, सीट खाली करून देतो.”

इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे एक वाक्य अनेक जणींचे पैसे वाया घालवतं. सीट खाली केली म्हणून मोठी सायकल लहान होत नाही. सायकलच्या सांगाड्याला माप असतं. सीटची उंची बदलता येते, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेमवर ठरतं. ते जास्त असलं की हात ताणले जातात, मान आणि खांदे दुखतात, ब्रेकपर्यंत बोटं नीट पोचत नाहीत. मग दोन महिन्यांत सायकल जिन्याखाली जाते आणि घरचे म्हणतात, “बघ, तुला जमलं नाही.” खरं म्हणजे फ्रेम जमलेली नसते. आमची पाच फूट, पाच फूट एक इंच उंचीची शरीरं बाजाराने मापात धरलेली नसतात, आणि दोष मात्र शरीराला येतो. आपल्याला हे नवीन नाही.

तर माप असं बघायचं. सीटच्या पुढे, नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहायचं. नळी आणि शरीर यांत किमान दोन बोटं अंतर हवं. मग सीटवर बसून, पायडल सर्वांत खाली असताना गुडघा अगदी थोडा वाकलेला हवा. हँडल धरल्यावर कोपरं सैल राहिली पाहिजेत, आणि ब्रेक दोन बोटांनी पूर्ण दाबता आला पाहिजे. हँडल थोडंसंच लांब पडत असेल तर हँडल आणि चिमटा यांना जोडणारा स्टेम नावाचा तुकडा आखूड घालून घेता येतो. पण हा उपाय एखाद-दोन इंचांचा. त्यापलीकडे सायकल सोडून द्यायची, कितीही स्वस्त असली तरी.

नवी परवडत नव्हती, म्हणून जुनी शोधायला लागले. तीन महिने लागले. आमच्या गल्लीत एक वयस्कर सायकल मिस्त्री आहेत. ते म्हणाले, “घाई करू नका. आधी बघायला शिका.” एका संध्याकाळी त्यांनी मला तपासणी शिकवली. ती मी वहीत उतरवून घेतली आहे. तुम्हालाही सांगते, कारण कुठलीही जुनी सायकल घेताना ती उपयोगी पडेल.

पहिलं, सांगाडा. सायकल उलटी करून, उजेडात, जोडांवर बोट फिरवायचं. विशेषतः हँडलच्या खाली जिथे दोन नळ्या मिळतात तिथे. रंगाला केसासारखी चीर दिसली, रंग फुगलेला किंवा नळी चेपलेली दिसली तर पुढे काहीही बघायचं नाही. चिमटा पुढून आणि बाजूने बघायचा. मागे वाकलेला असेल तर सायकल कुठे तरी धडकलेली आहे.

दुसरं, चाकं. उचलून फिरवायची आणि ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवायची. रिम डावी-उजवीकडे नाचत असेल तर आऊट आहे. थोडा आऊट मिस्त्री काढून देतात, पण रिमच ठोकर खाऊन वाकली असेल तर नवी घ्यावी लागते. ब्रेक घासतात ती रिमची बाजू बोटाला खोलगट लागली तर ती रिमही संपत आली.

तिसरं, चेन. साधी इंचाची पट्टी लागते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवायचं. चेन चांगली असेल तर बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. ती पिन इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदलायची. आठवा भाग पुढे गेली असेल तर चेनबरोबर मागची दातेरी चकतीही बहुधा बदलावी लागते. तो खर्च किमतीतून वजा करून मागायचा.

चौथं, छर्रे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची. हँडलखाली खट् खट् लागलं तर तिथे काम आहे. पायडलचे दांडे धरून आडवे हलवायचे, तिथेही खेळ लागता कामा नये. शेवटी टायरच्या बाजू बघायच्या. उन्हात पडून राहिलेल्या टायरला बारीक भेगा पडतात. रोड बाइकच्या बारीक टायरमध्ये हवा बरीच जास्त दाबाने भरावी लागते, तिथे असं टायर चालत नाही.

आणि पाचवं, कागद. पायडलच्या दांड्याखाली सांगाड्यावर नंबर कोरलेला असतो. तो नंबर, तारीख, किंमत लिहून विकणाऱ्याची सही घ्यायची. चोरीची सायकल आपल्या गळ्यात पडू नये म्हणून, आणि दुसरं म्हणजे ती आपल्या नावावर असल्याचा काही तरी पुरावा असावा म्हणून.

मी पहिली सायकल बघितली ती फक्त ८,००० ला होती, पण दोन मापं मोठी. दुसरीच्या जोडावर चीर होती. विकणारा मुलगा म्हणाला, “फक्त रंग गेलाय.” पूर्वी मी विश्वास ठेवला असता. तिसरी एका कॉलेजच्या मुलाची होती. तो उंच झाला होता, म्हणून विकत होता. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, मागे सात गिअर. तो १२,००० म्हणत होता. मी पट्टी काढून चेन मोजली, मागचं टायर दाखवलं, आणि १०,५०० ला सौदा झाला. माझ्या आयुष्यात मी इतकी घासाघीस भाजीवालीशीसुद्धा केली नव्हती.

बाकीचा हिशोब वाचते. चेन आणि मागची चकती १,४००. एक टायर, दोन ट्यूब १,१००. ब्रेकची रबरं आणि केबल ४५०. मिस्त्रींची मजुरी ३५०. हेल्मेट ९००, पुढचा-मागचा दिवा ४००, कुलूप २००, हवेचा काटा असलेला पंप ७००. एकूण १६,०००. मर्यादेपेक्षा हजार रुपये जास्त झाले आणि त्या महिन्यात मी ठेवीत पैसे भरले नाहीत. यातून शिकण्यासारखं एवढंच की सायकलची किंमत म्हणजे सायकलचा खर्च नव्हे. जुनी घेताना हातातल्या पैशांपैकी तिसरा हिस्सा दुरुस्ती आणि सामानासाठी बाजूला ठेवावा. हेल्मेट आणि दिवे ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नयेत.

पहिले पंधरा दिवस त्रासाचे गेले. ओढणी चाकात जाते, म्हणून ओढणी गेली. सीट टोचत होती. याबद्दल आपण बोलत नाही, म्हणून मी बोलते. बाईच्या बसण्याच्या हाडांमधलं अंतर बहुधा पुरुषापेक्षा जास्त असतं, त्यामुळे पुरुषाच्या मापाची अरुंद सीट आपल्यातल्या अनेकींना नको तिथे रुतते. सीटचं टोक केसभर खाली केलं, पुढे थोडी रुंद सीट बदलून घेतली, आणि त्रास गेला. सहन करत राहायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. रस्त्यावर मोटारसायकलवाले जवळून जाऊन काही तरी बोलायचे. अजूनही बोलतात. रात्री उशिरा मी आजही सायकल नेत नाही. सायकल आली म्हणजे रस्ता आपला झाला असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण ११ किलोमीटर आता पाऊण तासात होतात, आणि बसथांब्यावर उभं राहून वाट बघणारी मी आता माझ्या वेळेने निघते.

घरी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “सोळा हजारात एखादा दागिना झाला असता.” मग जरा थांबून म्हणाली, “अजून चालवता येते तुला?”

आता पुन्हा त्या वहीकडे येते.

एका सकाळी सिंहगड रस्त्यावर सिग्नलला थांबले असताना मावशी शेअर रिक्षातून उतरताना दिसल्या. माझ्या सायकलकडे बघून म्हणाल्या, “छान आहे हो ताई. केवढ्याची?” मी आकडा सांगितला आणि मला माझाच प्रश्न ऐकू आला : ही गरज की हौस? माझी तर सरळ हौस होती. त्यांची हौसही होती आणि गरजही होती. त्यांचा हिशोब मी त्या दिवशी घरी जाऊन केला. रिक्षाचे जाऊन-येऊन ३० रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ७८० रुपये. सहा हजारांची सायकल आठ महिन्यांत फिटली असती. हा हिशोब मला बैठकीत दोन मिनिटांत करता आला असता. मी केला नाही, कारण मी हिशोब विचारलाच नव्हता, मी चारित्र्याचा दाखला मागितला होता.

गरजेची मोजपट्टी आपण गरीब बाईला लावतो. तिने कर्ज घ्यावं ते शेळीसाठी, मशीनसाठी, मुलांच्या फीसाठी. स्वतःच्या पायांसाठी नाही. आपल्यासारख्या पगारदार कार्यकर्त्या मात्र स्वतःला ती पट्टी लावत नाहीत. आणि पुरुषाच्या गाडीला तर कुणीच लावत नाही, ती ‘घरची’ असते.

सायकल आणि बाई हा विषय काही नवा नाही. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता मोहिमेत सायकल शिकवणं जोडलं गेलं. शीला राणी चुंकत तिथे जिल्हाधिकारी होत्या. खाणीत काम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या हजारो बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी पुरुषी सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच आवडल्या, कारण नळीवर मूल बसवता येतं. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना आली आणि त्यामुळे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली वाढल्याचं अभ्यासातून पुढे आलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. हे सगळं चांगलंच आहे. पण बघा, शाळेला जाणाऱ्या मुलीची सायकल समाजाला पटते, कारण ती कुठे जाते ते सगळ्यांना माहीत असतं. बारावी झाल्यावर त्या सायकलचं काय होतं? मी कामानिमित्त गेले त्या घरांत ती भावाकडे किंवा दुधाच्या कॅनखाली दिसली. वस्तू घरात आली म्हणजे ती बाईची झाली, असं होत नाही. तिचं माप, तिच्या नावाचा कागद आणि कुलपाची किल्ली तिच्याजवळ, एवढं झालं तर थोडीफार होते.

पुढच्या बैठकीत मी ती वही उघडली आणि ते पान मोठ्याने वाचलं. माझी चूक झाली असं म्हटलं. मावशी म्हणाल्या, “ताई, तेव्हा दिली असती तर आत्तापर्यंत फिटून जुनी झाली असती.” कुणी हसलं नाही. त्या दिवशी गटाने नियम केला : सभासद बाईच्या स्वतःच्या प्रवासाच्या साधनासाठी कर्ज मिळेल, आणि ‘हौस’ हे कारण लिहिलं तरी चालेल.

मावशींना रोड बाइक नको होती. त्यांना डबा ठेवायला कॅरिअर हवं होतं आणि साडी अडकू नये म्हणून चेनला कव्हर. आम्ही दोघी मिळून जुन्या सायकली बघितल्या. ३,२०० ची एक लेडीज सायकल मला पसंत पडली होती. मावशींनी चाक उचलून फिरवलं, रबराजवळ बघितलं आणि म्हणाल्या, “ताई, याला आऊट आहे.” खरंच होता. विकणाऱ्याने ३०० रुपये कमी केले. कागदावर सही मावशींच्या नावाने घेतली.

मैत्रिणींनो, मेळाव्यातून परत गेल्यावर एक काम करा. आपापल्या गटाची कर्जाची वही काढा. गेल्या तीन वर्षांत किती कर्जं गाड्यांसाठी गेली, त्यांतल्या किती गाड्या सभासद बाई स्वतः चालवते, हे दोन रकान्यांत लिहा. तिसरा रकाना मागे घेतलेल्या मागण्यांचा करा. त्या बाया अजून गटात असतील. त्यांना पुन्हा विचारा. आणि सायकल घ्यायला निघालात, तर इंचाची पट्टी बरोबर ठेवा.